अंदमानचा माउंट मणिपूर पायी चढताना : नाशिकच्या डोंगरभटक्यांसाठी

नाशिकहून अंदमानला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा पहिला दिवस सेल्युलर तुरुंगात जातो आणि ते स्वाभाविकच आहे. भगूरच्या सावरकर बंधूंपैकी बाबाराव आणि तात्याराव हे दोघेही तिथल्या कोठड्यांत होते. तात्यारावांच्या शिक्षेचा एक धागा तर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाशी जोडलेला आहे. या तुरुंगाच्या परिसरातून बंदराच्या पलीकडे जो गर्द हिरवा डोंगर दिसतो, त्याचे नाव माउंट मणिपूर. पर्यटन कंपन्यांच्या कार्यक्रमात त्याला अर्धा दिवस मिळतो, तोही गाडीने वर जाऊन, छायाचित्रे काढून, गाडीनेच खाली येण्यासाठी. पण अंजनेरी, हरिहर, रामशेज अशा वाटा ज्यांच्या पायांखालून गेल्या आहेत, त्यांनी हा डोंगर गाडीतून पाहून परतणे मला तरी पटत नाही. तो पायी चढता येतो, एका दिवसात आरामात होतो आणि नीट तयारी केली तर घरातली दहा-बारा वर्षांची मुले व साठीतली माणसेही तो चढू शकतात. ही तयारी कशी करावी आणि प्रत्यक्ष दिवस कसा आखावा, हे येथे सांगितले आहे.

प्रथम नावांविषयी एक व्यावहारिक सूचना. या डोंगराचे जुने नाव माउंट हॅरिएट. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते बदलून माउंट मणिपूर केले, कारण १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हद्दपार करून याच डोंगरावर ठेवण्यात आले होते. सेल्युलर तुरुंग तेव्हा बांधला गेला नव्हता. पोर्ट ब्लेअरचे नावही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आहे. तथापि रिक्षावाले, फेरीबोटीवरचे कर्मचारी आणि हॉटेलचे लोक जुनी नावेच सर्रास वापरतात, त्यामुळे विचारपूस करताना दोन्ही नावे सांगावीत.

उंचीवरून अंदाज बांधू नये

हा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांहून थोडासाच अधिक उंच आहे. नाशिक शहर स्वतःच साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले असल्याने गंगाघाटावर भाजी घेणारा माणूसही या शिखरापेक्षा उंचावर उभा असतो. कळसूबाईला बारी गावातून जेवढे चढावे लागते, त्याच्या निम्मादेखील हा चढ नाही. म्हणूनच सह्याद्रीत फिरणारे लोक या डोंगराला हलक्यात घेतात, सकाळी उशिरा निघतात, एकच बाटली पाणी नेतात आणि मग निम्म्या चढावर धापा टाकत बसतात.

या डोंगराचा खरा कस उंचीत नाही; तो हवेतल्या दमटपणात आणि लवकर मावळणाऱ्या सूर्यात आहे. या दोन गोष्टी समजून घेतल्या तर उरलेले सगळे सोपे आहे, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहितो.

आपण सह्याद्रीत चढतो तेव्हा घाम येतो आणि वाऱ्याने तो वाळतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, त्यामुळे शरीर थंड राहते. डिसेंबर-जानेवारीत ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना घाम आलेला कळतसुद्धा नाही, इतकी आपल्याकडची हवा कोरडी असते. अंदमानात मात्र वर्षभर तापमान २३ ते ३१ अंशांच्या आसपास आणि हवेत बाष्प भरपूर. घाम येतो, कपडे चिंब होतात, पण तो वाळत नाही. म्हणजे शरीरातले पाणी आणि मीठ जाते आणि बदल्यात थंडावा मिळत नाही. त्यात दाट जंगलात वारा शिरत नाही. परिणामी तीस अंशांतला हा चढ आपल्याकडच्या अडतीस अंशांतल्या चढासारखा जड वाटतो. याला उपाय म्हणजे वेग कमी ठेवणे. शेजारच्याशी बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले की आपण गरजेपेक्षा जलद चाललो आहोत, असे समजून थांबावे.

उष्ण आणि दमट हवेची शरीराला सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सहलीत तेवढा वेळ कुणालाच नसतो, परंतु दोन-चार दिवसांनीही फरक पडतो. म्हणून ही चढाई पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नये. नाशिकहून रात्री निघून मुंबई गाठायची, पहाटेचे विमान पकडायचे, वाटेत चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचे आणि दुपारी तिथे उतरायचे, या धावपळीने आधीच झोप झालेली नसते. तुरुंग, शहर आणि स्वराज द्वीप (म्हणजे जुने हॅवलॉक) आधी पाहून घ्यावे आणि परतीच्या आदल्या दिवसाच्याही आधीचा दिवस डोंगरासाठी राखावा. पाऊस आला तर एक दिवस हाताशी उरतो, हाही त्यातला लाभ.

सूर्याचे वेळापत्रक

घड्याळ तेच, वेळ तीच, पण अंदमान नाशिकच्या पूर्वेला सुमारे एकोणीस रेखांश दूर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे धावतो. डिसेंबरात तिथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो; फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपाचच्या आसपास. शिवाय विषुववृत्ताच्या जवळ संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो आणि झाडांच्या छत्रीखाली अंधार त्याही आधी उतरतो. नाशिकच्या सवयीने ‘चार वाजले, अजून भरपूर उजेड आहे’ असे म्हणणारा गट इथे विजेरीशिवाय जंगलात अडकतो.

त्याच्या उलट बाजूचा फायदा मात्र मोठा आहे. पहाटे साडेपाचला लख्ख उजाडलेले असते आणि सकाळी सहा ते नऊ हे तीन तास चढण्यासाठी उत्तम असतात. अंदमानात असेपर्यंत आपला सगळा दिनक्रम एक तास अलीकडे ओढावा: रात्री नऊला झोपावे, पहाटे साडेचारला उठावे, दुपारी तीनपर्यंत पायथ्याशी परत यावे. सहलीत मुलांना पहाटे उठवणे जिवावर येते हे खरे, पण दुपारी अकराच्या उन्हात त्यांना डांबरी चढावर ओढत नेणे त्याहून कठीण आहे.

या डोंगरावरून अंधारात उतरण्याची एक ऐतिहासिक किंमतही नोंदलेली आहे. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कैद्यांची वसाहत पाहण्यासाठी आले होते. वर आरोग्यधाम उभारता येईल का, हे पाहण्यासाठी दिवस कलताना ते हा डोंगर चढले, सूर्यास्त पाहिला आणि मशालींच्या उजेडात खाली आले. पायथ्याच्या होप टाउन धक्क्यावर नावेत चढण्याच्या बेतात असताना अंधारातून आलेल्या शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. शेर अलीला पुढे जवळच्याच व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. फेरीतून पलीकडे जाताना पायथ्याचा हा भाग पाहून ठेवावा. पानीघाट हे नाव तिथे ऐकू येते.

कोणता महिना निवडावा

दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आकाशवाणीवर येते आणि आपल्याकडचा द्राक्ष-कांदा उत्पादक शेतकरी कान टवकारतो. ती बातमी आपल्यासाठी दिलासा असली, तरी डोंगर चढणाऱ्यासाठी तो हंगाम संपल्याचा निरोप आहे. अंदमानात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे इगतपुरीच्या तोडीचा. फरक एवढाच, की तो चार महिन्यांत न आटोपता मे महिन्यापासून थेट डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरल्यावर ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळेही निर्माण होतात. त्यामुळे दिवाळीची सुटी या चढाईसाठी फारशी भरवशाची नाही. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. वाट कोरडी, आकाश मोकळे आणि जळवा जवळजवळ नाहीत. एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपल्यावर जाणाऱ्यांनी उकाडा गृहीत धरून आणखी लवकर निघावे. डिसेंबरच्या नाताळात जाता येते, मात्र तेव्हा एखादी सर येतेच आणि गर्दीही असते.

नाशिकमध्येच करायची तयारी

हा चढ अवघड नसल्याने तयारी म्हणजे पायांना सलग दीड-दोन तास चढण्याची आणि तेवढेच उतरण्याची सवय लावणे. तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या किंवा म्हसरूळच्या चामरलेणीच्या पायऱ्या चढाव्यात, आणि एकदा चढून घरी येण्याऐवजी दोन-तीन फेऱ्या कराव्यात. पाठीवर चार-पाच किलोंची सॅक असावी. त्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या की वजनही होते आणि चढताना घोट घोट पाणी पिण्याची सवयही लागते. रविवारी आशेवाडीतून रामशेज किंवा त्र्यंबकच्या बाजूने अंजनेरी करावी. ज्यांना दमट हवेचा अनुभव घ्यायचा आहे, त्यांनी श्रावणात अंजनेरीच्या वाटेवर रेनकोट घालून चढून पाहावे. आत घाम आणि बाहेर पाऊस अशी जी चिकचिक होते, ती अंदमानच्या जवळपास जाणारी आहे.

उताराचा सराव चढाइतकाच करावा, कारण डांबरी उतारावर गुडघे लवकर बोलू लागतात. गुडघ्याचा जुना त्रास असलेल्यांनी ट्रेकिंगची काठी न्यावी. विमानात ती सोबतच्या बॅगेत अडवली जाऊ शकते, म्हणून चेक-इन सामानात ठेवावी. रक्तदाबाची किंवा लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी दमट उष्ण हवेत चढण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

सामान

कपड्यांबाबत आपल्याकडे सुती कपड्यांचा आग्रह असतो आणि कोरड्या उन्हात तो योग्यही आहे. अंदमानच्या जंगलात मात्र सुती टी-शर्ट एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही, अंगाला चिकटतो आणि काखेत-मांडीत घासून कातडी सोलते. लवकर वाळणारा, पातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सैल लांब पँट घालावी. जीन्स मुळीच घालू नये. एक कोरडा शर्ट आणि दोन जोड मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवावेत. बूट जुने पण चांगल्या तळव्याचे हवेत. नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालण्याचा मोह टाळावा. शिखरापर्यंत डांबरी वाट असल्याने साधे धावण्याचे बूट चालतात, पण पुढे जंगलवाटेवर जायचे असेल तर खाचा असलेला तळवा आवश्यक आहे, कारण ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर गुळगुळीत तळवा टिकत नाही.

पाण्याबद्दल सह्याद्रीतली सवय पूर्णपणे सोडावी. आपल्या गडांवर कुठे ना कुठे खडकात खोदलेले टाके असते, पायथ्याला वाडी असते, वाटेत लिंबूसरबताची टोपली घेऊन बसलेली एखादी मावशी भेटते. इथे पायथा सोडला की वाटेत काही मिळेल असे धरू नये. प्रत्येकी तीन लिटर पाणी न्यावे आणि त्यातले एक लिटर ओआरएस घातलेले असावे. पुडीवर लिहिल्याप्रमाणे एक पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घालावी, अर्ध्या लिटरमध्ये पुडी टाकून घट्ट सरबत करू नये. खाण्यासाठी घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर उत्तम. तिथली छोटी केळीही चांगली असतात. तळलेल्या, मसालेदार पदार्थांनी तहान वाढते.

बाकी सामान थोडके: प्रत्येकाला एक विजेरी (मोबाइलचा दिवा ही विजेरी नव्हे), डास पळवणारे मलम, टोपी, चिकटपट्टी, निर्जंतुक करणारे औषध, थोडे मीठ, शिट्टी, आधारकार्ड आणि सुट्टे पैसे. परिसराचा नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. बेटांवर एकदा वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकवर निर्बंध आहेत, तेव्हा पाणी स्टीलच्या किंवा पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्यांतच न्यावे. ड्रोन नेऊ नये. नौदलाचा तळ असलेल्या या भागात परवानगीशिवाय तो उडवणे महागात पडते.

पायथ्यापर्यंत

शहराच्या चॅथम धक्क्यावरून बांबूफ्लॅटला जाणारी, गाड्याही वाहून नेणारी फेरी पकडावी. पाण्यावरचा प्रवास थोड्याच मिनिटांचा आहे. हेच अंतर रस्त्याने कापायचे तर फेरारगंजकडून मोठा वळसा पडतो. फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच विचाराव्यात आणि परतीच्या फेऱ्यांच्या वेळाही लिहून घ्याव्यात. धक्क्याला लागूनच १८८३ पासूनची चॅथमची लाकूड गिरणी आहे. ती परतताना पाहण्यासारखी आहे, जाताना नाही.

बांबूफ्लॅटपासून शिखरापर्यंत रस्त्याने साधारण सात किलोमीटर अंतर आहे. त्यातला सुरुवातीचा भाग वस्तीतून आणि समुद्राच्या कडेने जातो. हा सपाट भाग रिक्षाने संपवून चढ सुरू होतो तिथे उतरावे. आपली ताकद सपाटीवर खर्च करण्यात अर्थ नाही. डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून प्रवेशशुल्क भरावे लागते. नाका उघडण्याची वेळ आणि पायी जाण्यासंबंधीचे नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी शहरातल्या वनखात्याच्या किंवा पर्यटन खात्याच्या कार्यालयात चौकशी करून त्यानुसार फेरी निवडावी. शिखराच्या पुढच्या जंगलवाटेने जायचे असेल तर तसे इथेच सांगावे व नोंद करावी.

प्रत्यक्ष चढाई

नाक्यापासून डांबरी रस्ता वळणे घेत वर जातो. पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम हळू चालावे, कारण शरीर तापायला आणि श्वास जुळायला तेवढा वेळ लागतो. दर वीस मिनिटांनी तहान लागो न लागो चार-पाच घोट पाणी प्यावे. थांबताना वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहावे, कारण वरून जीपगाड्या वेगाने येतात आणि झाडीमुळे चालकाला पुढचे दिसत नाही. मुलांना पुढे पळू देऊ नये. गटात सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवावा, म्हणजे सगळा गट आपोआप त्याच्या चालीने जातो.

सह्याद्रीच्या सरावाचा माणूस इथे पहिल्या तासात थोडा निराश होतो, हे सांगून ठेवतो. आपल्याकडे सोंडेवर आलो की दोन्ही बाजूंना दरी उघडते, समोर शेजारचे गड ओळखता येतात, किती आलो आणि किती राहिले हे नजरेने मोजता येते. इथे तसे काही नाही. गर्जन आणि पडौक यांचे सरळसोट बुंधे, त्यांवर चढलेले वेल, खाली वेताची जाळी आणि डोक्यावर हिरवे छत, यांतच आपण चालत राहतो. ही चढाई दूरचे पाहण्याची नाही, जवळचे पाहण्याची आहे. बुंध्यावर नजर ठेवली तर चकाकत्या हिरव्या रंगाची, दिवसा हिंडणारी अंदमानी पाल दिसते; ती फक्त याच बेटांवर आढळते. सकाळी लवकर गेल्यास अंदमानचे वनकबूतर, सर्पगरुड आणि काळा सुतार यांची शक्यता असते. पक्ष्यांसाठी दुर्बीण आणि गप्प बसण्याची तयारी, दोन्ही न्यावे.

आणि मग एखाद्या वळणावर झाडी अचानक बाजूला होते आणि खाली निळा समुद्र, नॉर्थ बे, दीपगृह आणि पलीकडे बेट दिसते. वीस रुपयांच्या जुन्या, तांबूस नोटेच्या मागच्या बाजूला जे दृश्य छापलेले होते, ते याच डोंगरावरून दिसणारे आहे. अशी नोट घरात असेल तर ती सोबत घ्यावी. मुलांना जुळवून पाहण्यात फार मजा येते आणि त्या निमित्ताने मोठ्यांनाही दहा मिनिटे बसायला मिळते.

नेहमी चालणाऱ्याला नाक्यापासून शिखरापर्यंत दीड तास, मुले आणि ज्येष्ठ सोबत असल्यास दोन ते सव्वादोन तास धरावेत. वर वनखात्याचे विश्रामगृह, बसण्याचे मंडप आणि मणिपूरच्या वीरांचे स्मारक आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या मुख्य आयुक्ताचे उन्हाळी ठाणे या माथ्यावर होते, हे वाऱ्याची पहिली झुळूक लागताच पटते. इथे ओला शर्ट बदलावा, खावे आणि किमान अर्धा तास थांबावे.

काळा पत्थरपर्यंत

गाडीने आलेले पर्यटक इथून परततात. आपण मात्र पुढे जावे, कारण खरी जंगलवाट इथूनच सुरू होते. माथ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर काळा पत्थर नावाची जागा आहे. इंग्रजांच्या काळात कैद्यांना तिथल्या कड्यावरून ढकलले जात असे, अशी कथा स्थानिक लोक सांगतात. वाट मळलेली आणि फारशी चढ-उताराची नाही. जाऊन-येऊन दीड-दोन तास पुरतात. सकाळी अकराच्या आत माथ्यावरून निघता आले तरच ही वाट धरावी. कड्याच्या काठावर झाडी असल्याने कडा कुठे संपतो हे चटकन कळत नाही, त्यामुळे मुलांचा हात सोडू नये.

हीच वाट पुढे मधुबनच्या किनाऱ्याकडे उतरते. माथ्यापासून ती सुमारे १६ किलोमीटर आहे आणि तिच्यासाठी पूर्ण दिवस, वाट जाणणारा माणूस, वनखात्याची परवानगी आणि पलीकडे न्यायला आलेले वाहन या चारही गोष्टी लागतात. त्यांतली एक जरी नसेल तरी काळा पत्थरवरूनच मागे फिरावे.

या जंगलात आपल्या जिल्ह्यासारखा बिबट्या नाही, वाघ नाही आणि सप्तशृंगीसारखी हातातली पिशवी ओढणारी माकडेही नाहीत. काळजी घ्यायची ती लहान जीवांची. अंदमानची मोठी घोण चावली तर असह्य वेदना होतात. पडलेल्या ओंडक्यावर बसण्यापूर्वी तो काठीने ठोकावा आणि सॅक जमिनीवर उघडी ठेवू नये. चापड्याच्या जातीचे हिरवे साप फांदीवर पानांत मिसळून बसतात, म्हणून आधारासाठी फांदी पकडण्यापूर्वी ती पाहावी; तशीही वेताच्या काट्यांमुळे हात घालण्याजोगी फांदी इथे विरळाच. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये; माणसाला स्थिर ठेवून, चावलेला अवयव न हलवता, ११२ वर संपर्क साधून शहरातल्या जी. बी. पंत रुग्णालयाकडे न्यावे. पाऊस झाला असेल तर जळवा लागतात. त्या ओढून काढू नयेत. नखाची कड त्यांच्या तोंडाखाली सरकवून सोडवाव्यात, जखम धुऊन पट्टी लावावी. रक्त थोडा वेळ वाहते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

उन्हाच्या त्रासाची लक्षणे गटातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावीत. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चिडचिड ही पहिली पायरी. तेव्हा सावलीत बसवून, बूट-मोजे काढून, मानेवर व काखेत पाणी मारून वारा घालावा आणि ओआरएस घोट घोट द्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला तर ती तातडीची वेळ आहे. अशा वेळी तोंडाने पाणी पाजण्याच्या फंदात न पडता अंग थंड करत राहावे आणि वरून जाणारी पहिली जीप थांबवून खाली न्यावे. डांबरी वाटेचा हा एक मोठा उपकार आहे.

उतार आणि परत

माथ्यावरून दुपारी एकपर्यंत उतरायला सुरुवात करावी. उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत आणि बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधाव्यात, नाहीतर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. कुणाचे पाय थकले असतील तर वर आलेल्या रिकाम्या गाडीने त्यांना खाली पाठवण्यात कमीपणा मानू नये. पायथ्याशी तीनच्या आत पोहोचलो की चॅथमला परतून गिरणीचे संग्रहालय पाहायलाही उजेड उरतो. किनाऱ्यावर शंख-शिंपले किंवा प्रवाळ दिसले तरी खिशात टाकू नयेत; ते नेण्यास मनाई आहे आणि वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना ते निघतात. पायथ्याच्या खाडीत किंवा कांदळवनाजवळ पाय धुण्यासाठीही उतरू नये, कारण अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

सॅडल पीक करायचे असेल तर

एवढ्याने समाधान न होणाऱ्यांसाठी उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ सॅडल पीक आहे. ७३२ मीटर उंचीचे हे या द्वीपसमूहातले सर्वोच्च शिखर. लामिया बे येथील वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून वाट सुरू होते. पहिला टप्पा समुद्राकाठाने आणि पुढचा दाट जंगलातून खड्या चढाचा. जाऊन-येऊन साधारण १६ किलोमीटर होतात आणि सहा ते आठ तास लागतात. समुद्रसपाटीपासून माथ्यापर्यंत सगळी उंची स्वतःच्या पायांनी मिळवावी लागते, म्हणून माउंट मणिपूर सहज झाला असेल, दमट हवा अंगवळणी पडली असेल आणि सोबत स्थानिक वाटाड्या असेल, तरच तिकडे वळावे. मुले आणि ज्येष्ठ यांना नेऊ नये. शहरापासून दिगलीपूर सुमारे ३०० किलोमीटर असून रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात आणि मध्ये थांबणे, जारवांची छायाचित्रे काढणे किंवा त्यांना काही देणे हा गुन्हा आहे. जाण्याचा एक, चढाईचा एक आणि परतीचा एक असे तीन पूर्ण दिवस हाताशी नसतील तर हा बेत दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा.